नागपुरातली सही

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मंजुषाला कळत होतं. पण ते समोर उघडंच पडलेलं असेल तर नजर ठेवायची कुठे?

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. वर्ध्यात बजाज चौकाजवळ प्रेमदासचं सायबर कॅफे होतं. दुपारी लोडशेडिंग संपून लाइन आली, तशी मंजुषा मेल बघायला आत शिरली. प्रेमदासने कोपऱ्यातला संगणक चालू करून दिला. तिने मेलचं पान उघडलं — आणि समोर भलत्याच माणसाचे मेल! लाइन गेली तसा तो उठून गेला असणार. संगणक बंद झाला म्हणजे आपलं पानही बंद झालं, असं त्याला वाटलं असणार.

सगळ्यात वरच्या मेलमध्ये लिहिलं होतं, की धीरज नावाच्या या उमेदवाराची माहिती सुरक्षेच्या व्यावसायिक परीक्षेसाठी नोंदणी झाली आहे.

मंजुषा एकटीच खुदकन हसली. हीच परीक्षा द्यायचं तिच्याही मनात होतं. आणि हा गडी! लोकांची कुलपं सांभाळायला निघाला होता, नि स्वतःचं दार सताड उघडं टाकून गेला होता. तिला राहवलं नाही. त्याच्याच मेलवरून तिने त्यालाच दोन ओळी लिहिल्या — ‘दार उघडं राहिलं होतं. लावून घेतलं आहे. — एक शेजारीण.’ मग त्याचं पान नीट बंद केलं आणि स्वतःचं उघडलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा कॅफेच्या दारात एक उंच, सडपातळ पोरगा उभा होता. शर्टाच्या बाहीला मेथीचं पान चिकटलेलं.

“शेजारीण तुम्हीच काय?” त्याने विचारलं.

“तुमाले कोणं सांगतलं?”

“प्रेमदासभाऊनं. माझ्यामागून त्या खुर्चीवर कोण बसलं एवढंच विचारलं, तं तुमचं नाव, बाबाचं नाव, भांड्याचं दुकान... सगळं सांगून टाकलं त्यानं.”

“पाहा! तुमच्या त्या परीक्षेत यावरच तं अख्खं प्रकरण हाये. गोड बोलून लोकाईजवळून माहिती काढणे.”

“मी गोड बोललोच नाई. साधं विचारलं.” तो थोडा घुटमळला. “आन... माझे मेल वाचले काय तुम्ही?”

“वरचा एक वाचला.”

“खालचे?”

“काऊन? खाली वाचण्यासारखं होतं काय?”

धीरजचे कान लाल झाले. प्रेमदास काउंटरमागून दात काढत होता.

धीरज सिंदी मेघेचा. घरचा भाजीपाला. पहाटे वडलांबरोबर गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, माल टाकायचा, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि एका पतसंस्थेत संगणक सांभाळायला जायचा. त्या बाहीवरचं पान मात्र रोज कुठूनतरी येतच असे. मंजुषा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. दोघांनाही ती परीक्षा द्यायची होती आणि पुस्तक होतं एकच, धीरजने नागपूरहून आणलेलं, विटेएवढं जाड. ते कोणाकडे राहणार यावर दोन दिवस ओढाताण झाली. शेवटी मंजुषाने ते बाइंडिंगवाल्याकडे नेऊन मधोमध कापून घेतलं.

“अवं, पुस्तक कापलं?” धीरज बघतच राहिला.

“अर्धं तुले, अर्धं मले. वाचून झालं का बदलू. म्हणजे भेटा तं लागनच.”

बोलून गेली आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिने मान खाली घालून आपल्या अर्ध्या पुस्तकाला धूळ नसताना फुंकर मारली.

भेटा लागलंच. दुपारी लाइन गेली की कॅफे रिकामं व्हायचं. प्रेमदास बाहेर पानठेल्यावर जाऊन उभा राहायचा आणि ही दोघं खिडकीपाशी पुस्तकाचे दोन तुकडे घेऊन बसायची. संगणकाची परीक्षा, आणि अभ्यास सगळा बंद संगणकांच्या मधोमध. पुस्तक इंग्रजीतलं, वाक्यं लांबलचक. मंजुषा ती सोपी करून सांगायची.

“हे पाय. माणूस कोण हाये ते पटणं, ही एक गोष्ट. त्याले आत येऊ द्यायचं का नाई, ही दुसरी. लोक इथंच घोटाळा करते.”

“म्हणजे मी कोण ते तुझ्या बाबाले माहीत हाये...”

“हो.”

“पण आत येऊ देतीन का, ते वेगळं.”

“मी पुस्तकातलं सांगून राह्यली धीरज.”

“मी पन पुस्तकातलंच विचारून राह्यलो.”

तसं पाहिलं तर आत यायला त्याला कोणी अडवत नव्हतं. मंजुषाचे वडील पुंडलिकराव यांचं भांड्यांचं दुकान चौकापासून जवळच होतं आणि घर दुकानाच्या वर. पुस्तकाचा तुकडा बदलायला धीरज दुकानात येऊ लागला. येताना कधी पालकाची जुडी, कधी चार वांगी. शकुंतलाबाई, म्हणजे मंजुषाची आई, चहा ठेवायच्या. धीरज गेला की पुंडलिकराव म्हणायचे, “पोट्टा चांगला हाये.” शकुंतलाबाई म्हणायच्या, “वांगेही चांगले हाये.” त्या दोघांचं असंच होतं. सगळं बोलणं न बोलता व्हायचं. शकुंतलाबाईंनी वडनेरच्या आपल्या बहिणीला फोन लावला, तर धीरजची आई मनकर्णाबाई त्याच गावची निघाली, आणि पाहता पाहता नातंही सोयरीक जुळण्यातलं निघालं. मंजुषाला यातलं काही कुणी सांगितलं नाही. पण चहाबरोबर बिस्किटं येऊ लागली होती, यावरून तिला कळलं.

फक्त धीरज काही बोलत नव्हता. मेथी आणत होता, वांगी आणत होता, तिच्याकडे बघत बघत पायरी चुकत होता... पण बोलत नव्हता.

जानेवारीत त्याने नागपूरला जाऊन परीक्षा दिली. पास झाला. संध्याकाळी पेढे घेऊन आला, पुंडलिकरावांच्या पाया पडला. मंजुषाची तारीख पुढच्या महिन्यात होती. तिने त्याला दुकानाच्या पायरीवर गाठलं.

“आता सांग. काय आलतं?”

“कायचं काय आलतं?”

“पेपरात! प्रश्न कोणते होते? सगळे नको सांगू. आयएमपी सांग.”

वर्ध्यात कोणीही पेपर देऊन बाहेर आलं की पहिला प्रश्न हाच. दहावीचा असो, तलाठ्याचा असो. सांगणाराही हौसेने सांगतो. पण धीरजचा चेहरा एकदम गंभीर झाला.

“नाई सांगता येत, मंजू.”

“म्हणजे?”

“म्हणजे... नाईच सांगता येत. काय हाये का—”

“राहू दे. पुस्तक कापाले मी, समजावून सांगाले मी. आन आता पास झाला तं सांगता येत नाई! दुसऱ्या कोणाले सांगतलं असन.”

“ऐकून तं घे—”

“नाई ऐकत.”

आणि ती वर निघून गेली. धीरज पायरीवर थोडा वेळ उभा राहिला. त्यालाही राग आला. आपण प्रश्न चोरून आणून देऊ असं हिला वाटलंच कसं, म्हणून. दोघांचं बोलणं बंद झालं. पुस्तकाचे दोन्ही तुकडे आता मंजुषाकडेच होते, म्हणून यायला निमित्तही उरलं नाही.

नेमकं त्याच दिवसांत पुलगावच्या ताराचंदजींकडून स्थळ आलं. मुलगा धर्मेंद्र, कापडाचं दुकान, माणसं बरी. त्यांनी येत्या रविवारी बघायला येतो म्हणून कळवलं. पुंडलिकराव पेचात पडले. मनात एक पोरगा आणि दारात दुसरा. ते सरळ माणूस होते. त्यांनी ठरवलं, धीरजला एकदा समोरासमोर विचारून टाकायचं. तो हो म्हणाला तर पुलगावला नाही म्हणायचं, आणि नाही म्हणाला तर पुलगाव.

बुधवारी धीरज समोरून चालला होता, त्याला त्यांनी हाक मारून दुकानात घेतलं. रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी ताटाला हातच लावला नाही.

“काय झालं?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“त्या पोट्ट्याचं लग्न झालं हाये.”

मंजुषाने हातातली वाटी खाली ठेवली.

“कोणाचं?” शकुंतलाबाई म्हणाल्या.

“धीरजचं. नागपूरले. कोर्टात.”

“काहीतरीच तुमचं!”

“अवं, त्यानं स्वतः सांगतलं. गिऱ्हाइकाच्या पितळी गंजावर नाव कोरणं चालू होतं, मशीनची घरघर. मी म्हटलं, धीरज, मंजूचं काय ते एकदा सांगून टाक बावा. तं म्हणे, काका, मले नाई सांगता येत, मी सही करून देल्ली हाये. मी म्हटलं, सही? कवा? तं म्हणे, मागच्या महिन्यात, नागपूरले. एक बाई बसते तिथं, तिच्यासमोर सही करा लागते.”

“आन घरच्याईले माहीत हाये?”

“तेच विचारलं. तं म्हणे, हो, मायबापाले सगळं माहीत हाये, पेढे नाई का वाटले!” पुंडलिकरावांनी ताट बाजूला सारलं. “ते पेढे लग्नाचे होते, शकुंतला. आन आपन खाल्ले.”

“बाबा, ते पासचे होते,” मंजुषा कशीबशी म्हणाली.

“दोन्हीचे असतीन. मी त्याले सांगून देल्लं, आता इथं येजो नको म्हणून.”

मंजुषा उठली आणि गच्चीवर गेली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडली. आता तिला सगळं जुळत असल्यासारखं वाटलं. म्हणूनच कधी काही बोलला नाही! म्हणूनच ‘सांगता येत नाही’! परीक्षेच्या नावाखाली नागपूरला जात होता आणि तिथे कुणीतरी... शिकलेली असेल, नागपूरची असेल. तिच्या बाहीला मेथी लागत नसेल. त्याला जाऊन विचारावं असं एकदा मनात आलं. पण झालेल्या लग्नाबद्दल काय विचारायचं? ती खाली आली आणि आईला म्हणाली, “पुलगाववाल्याईले येऊ दे.”

परीक्षा शनिवारी होती. जायची इच्छा मेली होती. शकुंतलाबाईंनीच सकाळी डबा हातात दिला. “जा व बाई. अभ्यास तं तुयाच हाये, त्याचा नाई.” ती गाडीत बसली. सेवाग्राम गेलं, बुटीबोरी गेलं. खिडकीबाहेर हरभऱ्याची शेतं पिवळी पडत चालली होती आणि तिच्या डोक्यात एक अक्षर शिरत नव्हतं.

नागपुरात परीक्षेचं केंद्र एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. दाराशी टेबल टाकून एक बाई बसल्या होत्या. त्यांनी तिचं ओळखपत्र पाहिलं, फोटो पाहिला आणि एक छापील कागद पुढे सरकवला.

“वाचा आणि सही करा. सही केल्याशिवाय आत जाता येत नाही.”

मंजुषाने वाचायला सुरुवात केली. या परीक्षेतले प्रश्न मी कोणालाही, कोणत्याही स्वरूपात, तोंडी किंवा लेखी सांगणार नाही, असं मी मान्य करते... ती थांबली. ती ओळ तिने पुन्हा वाचली. मग टेबलाकडे पाहिलं, त्या बाईंकडे पाहिलं.

एक बाई बसते तिथं. तिच्यासमोर सही करा लागते.

“मॅडम... ही सही सगळेच करतात का?”

“सगळेच.”

“मागच्या महिन्यातही होती?”

“कायमच असते. का हो, काही अडचण?”

मंजुषाने तोंडावर हात दाबून धरला, पण हसू काही थांबेना. डोळ्यांत पाणी आलं. मागे उभा असलेला उमेदवार चमकून दोन पावलं बाजूला झाला.

“अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?” बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

“खूप बरं वाटतंय, मॅडम. माझ्या ओळखीतल्या एकाचं लग्न झालेलं नाही... एवढंच.”

तिने झोकात सही केली.

आत गेल्यावर काय प्रश्न आले ते सांगता येत नाही, कारण आता तिनेही लिहून दिलं होतं. एवढं खरं, की चार दिवस ज्या डोक्यात काही शिरत नव्हतं, ते असं चालू लागलं की जणू कुणीतरी शेजारी बसून वाक्यं सोपी करून देत होतं. शेवटी पडद्यावर ‘उत्तीर्ण’ अशा अर्थाचा शब्द आला. तिने तो एकदाच पाहिला आणि घड्याळाकडे पाहिलं. वर्ध्याची गाडी मिळायला हवी होती.

वर्धा स्टेशनवर उतरून तिने घराकडे नाही, तर सरळ सिंदी मेघेकडे ऑटो केला. ऊन कलायला लागलं होतं. धीरज कोबीला पाणी देत होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ती बांधावरून येताना दिसली तशी त्याच्या हातातली फावडी चिखलात पडली.

“तू? इथं? पेपर होता ना तुया?”

“झाला. पास झाली.”

त्याचा चेहरा एकदम उजळला, मग त्याला आठवलं की आपण रागावलेलो आहोत.

“अभिनंदन,” तो तुटकपणे म्हणाला. “आन आता काकाले नको पाठवू माझ्याकडे, प्रश्न विचाराले. मले लय वाईट वाटलं, मंजू. भर दुकानात म्हणे सांगून टाक...”

“प्रश्न विचाराले नाई आले ते.”

“मंग?”

“ते म्हणले, मंजूचं काय ते सांगून टाक. म्हणजे... माझ्याशी लग्न करशीन का, ते विचारलं त्याईनं.”

वाफ्यात पाणी भरून दुसरीकडे वाहायला लागलं, तरी धीरज हलला नाही.

“आन मी... काय म्हणलो?”

“तू म्हणला, मी आधीच सही करून देल्ली हाये, नागपूरले. मायबापाले माहीत हाये. पेढे वाटले.”

“अरे बापा!” त्याने चिखलाचे दोन्ही हात कपाळाला लावले. “म्हणून म्हणले का मले, आता येजो नको! मी समजलो, प्रश्न नाई सांगतले म्हणून रागावले.”

“बुधवारपासून बाबा जेवले नाई नीट. अन् मी... जाऊ दे. त्या बाईले मी मनातल्या मनात किती शिव्या देल्ल्या, तुले नाई माहीत.”

“कोणत्या बाईले?”

“तुझ्या बायकोले!”

दोघंही हसत सुटली. बांधावर बसून पोट दुखेपर्यंत हसली. कपाळावर चिखलाची दहा बोटं घेऊन तो हसत होता आणि त्याच्याकडे बघून तिला आणखीच हसू येत होतं. मग हसणं ओसरलं. कोबीच्या पानांवर पाण्याचे थेंब थांबलेले...

“उद्या पुलगावचे पाहुणे येऊन राह्यले मले पाहाले,” ती हळूच म्हणाली.

धीरज उठला. पाय धुवायचंही भान त्याला राहिलं नाही. “चाल.”

“कुठं?”

“दुकानात.”

पुंडलिकराव एका तांब्यावर नाव कोरत होते. धीरजला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण धीरजने आधी मशीनचं बटण बंद केलं.

“काका, माझं लग्न नाई झालं. ते सही पेपरची होती. प्रश्न बाहेर सांगणार नाई म्हणून लिहून घेतात. मंजूनंही आज केली. तुमी काय विचारून राह्यले ते मले समजलंच नाई.”

पुंडलिकराव त्याच्याकडे बघत राहिले. मग मुलीकडे. मग हळूच स्टुलावर बसले.

“म्हणजे तू... मोकळा हाये?”

“हो.”

“मंग आता मशीन बंद हाये. परत विचारू?”

“विचारा.”

“मंजूचं काय?”

“मी तं दिवाळीपासूनच हो म्हणून बसलो हाओ, काका. विचारलं नव्हतं कोणी.”

पुंडलिकरावांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, “शकुंतला! जेवाले वाढ व! भूक लागली!”

शकुंतलाबाई जिन्यात येऊन थांबल्या. चिखलाने भरलेला धीरज, हसणारी मुलगी आणि भुकेलेला नवरा, असं सगळं त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं. काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “चौघायचं वाढते.”

पुलगावला फोन गेला. ताराचंदजी जरा खट्टू झाले, पण म्हणाले, “आधी सांगतलं ते बरं केलं.”

रविवारी पाहुणे आले ते सिंदी मेघेचे. मनकर्णाबाईंनी पिशवीतून कोथिंबीर, टमाटे, मिरच्या काढून शकुंतलाबाईंपुढे ढीग केला. धीरजचे वडील रूपराव पुंडलिकरावांशी संत्र्याच्या भावावर बोलत बसले. मंजुषा पोहे घेऊन आली. रीत म्हणून मनकर्णाबाईंनी विचारलं, “नाव काय बाई तुझं?” आणि सगळेच हसले. धीरज मात्र नव्या शर्टात अवघडून बसला होता. आज बाही स्वच्छ होती.

“पोट्टापोट्टीले काही बोलायचं असन तं बोलू द्या,” रूपराव म्हणाले. “गच्चीवर जा गा.”

गच्चीवर दोघं कठड्याशी उभी राहिली. किती दिवस खिडकीशी बसून बोलत होती, आणि आता बोलायला पाठवलं तर शब्द सापडेना. खाली बाजार चालू होता. हवेत थोडी थंडी, थोडं ऊन.

“विचार ना काहीतरी,” ती म्हणाली.

“काय विचारू?”

“पोराईले जे विचारायचं असते ते.”

“मंजू...” त्याने कठड्यावर हात ठेवला. तिच्या हाताच्या अगदी जवळ, पण न लागता. “काकाईनं मले विचारलं. मी त्याईले हो म्हणलो. पण तुले कोणंच नाई विचारलं.”

“नाई विचारलं.”

“मी विचारू?”

“विचार.”

“मले तू लय आवडते. पहिल्या दिवसापासून. मेल वाचला तवापासून. मी बोललो नाई, कारण... तू हसशीन वाटलं. तुले मी चालतो काय?”

ती हसली नाही. तिने आपला हात थोडा सरकवला, आणि त्याच्या हाताला लावून तसाच राहू दिला. तिला खूप काही सांगायचं होतं. बुधवारच्या रात्रीचं, गाडीतलं, त्या शेतांचं...

“मंजू!” खालून शकुंतलाबाईंची हाक आली. “झालं काय व बोलून?”

मंजुषाने हात काढला नाही. तशीच कठड्यावरून वाकून म्हणाली —

“नाई व आई! आत्ता कुठं सुरू झालं.”